कृपया आहेर आणू नये

आमच्या सासूबाईंकडे आहेराची एक वही आहे. लाल कापडी बांधणीची, वाण्याच्या खतावणीसारखी लांबोडकी. पहिली नोंद १९५९ सालची, त्यांच्या स्वतःच्या लग्नातली: ‘ठाण्याच्या काकू. पितळी तांब्या १, पोचा १.’ नवी नवरी असतानासुद्धा तांब्या उलटासुलटा करून पोचा मोजला होता. वहीत तीन रकाने आहेत. कोणी दिलं, काय दिलं आणि कुठे गेलं. परक्या माणसाला पहिले दोन रकाने महत्त्वाचे वाटतील. घरातल्यांना ठाऊक आहे की सगळी अक्कल तिसऱ्या रकान्यात आहे.

आपल्याकडचा आहेर सहसा कोणी वापरत नाही. तो फिरतो. आमच्या लग्नात मोरांची एक चादर आली होती. ती वन्संच्या जावेच्या घरी वास्तुशांतीला गेली, तिथून कुणा मास्तरांच्या निवृत्तीला, आणि आठ वर्षांनी माझ्या मुलाच्या बारशाला आमच्याकडे परत आली. मोर तेच, पिशवी नवी. सासूबाईंनी घडी मोडली नाही, फक्त वही काढली. लेमन सेटचंही तेच. एक जग आणि सहा ग्लास, त्यांत आजवर कोणी लिंबू पिळल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. पण महाराष्ट्रात त्यांनी केलेला प्रवास पाहिला तर एसटीनं त्यांना पास द्यावा.

हे आठवण्याचं कारण ९ सप्टेंबर २०१४ची रात्र. त्या रात्री कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीनं पन्नास कोटी लोकांना एकदम आहेर केला, आणि त्यांतल्या पुष्कळांनी तो तिच्याच अंगावर भिरकावला.

आधी पुण्याची हकीकत सांगते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. पुण्याची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत लांबते, आणि आमचं घर लक्ष्मी रोडपासून हाकेच्या अंतरावर आहे. (त्या दिवशी हाक ऐकू येत नाही, पण अंतर तेवढंच.) दीड दिवस आम्ही स्पीकरच्या भिंतींमधून फुकटचं संगीत घेत होतो. कपाटातली भांडी ताल धरत होती. सासूबाई कानात कापूस घालून अथर्वशीर्ष म्हणत होत्या आणि ते त्यांना स्वतःलाही ऐकू येत नव्हतं. अशा वेळी रात्री साडेदहाला माझा मुलगा, तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला, लॅपटॉप उघडून बसला आणि म्हणाला, “आई, आज अ‍ॅपलचा कार्यक्रम आहे.” मी विचारलं, “त्यात गाणी आहेत का?” तो म्हणाला, “शेवटी असतील.” मी स्वयंपाकघरात निघून गेले.

क्युपर्टिनो गावातल्या फ्लिंट सेंटर या सभागृहात तो कार्यक्रम होता. १९८४ साली स्टीव्ह जॉब्सनं मॅकिंटॉश याच सभागृहात दाखवला होता, म्हणजे वास्तू लाभलेली. नवा आयफोन ६ आला, त्याचा थोरला भाऊ आला, मनगटावरचं घड्याळ आलं. (पितृपक्ष तोंडावर असताना कोणी नवी वस्तू काढतं का, हा सासूबाईंचा प्रश्न अनुत्तरित राहिला.) आणि सगळ्यात शेवटी यू-टू हा आयर्लंडचा बँड आला. अ‍ॅपल १९७६ची, यू-टूही १९७६चा. पत्रिका जुळली होती.

एक गाणं झालं. मग गायक बोनो आणि कंपनीचे प्रमुख टिम कुक यांच्यात एक संवाद झाला. आपल्याकडे शाळेच्या स्नेहसंमेलनात मुख्याध्यापक आणि पाहुणे ठरवून ‘अचानक’ बोलतात, तसा. हा नवा अल्बम जास्तीत जास्त लोकांपर्यंत कसा पोचवता येईल बरं? लगेच पोचवता येईल. किती लगेच? दोघांनी हात पुढे करून तर्जनीला तर्जनी टेकवली आणि अल्बम गेला. तेवढ्यात सासूबाई पाणी प्यायला बाहेर आल्या होत्या. पडद्याकडे बघून म्हणाल्या, “शॉक बसेल.”

बसला.

झालं होतं असं. आयट्यून्सचं खातं असलेल्या ११९ देशांतल्या पन्नास कोटी लोकांच्या नावावर ‘साँग्ज ऑफ इनोसन्स’ हा अकरा गाण्यांचा अल्बम एका रात्रीत जमा झाला. ज्यांच्या फोनमध्ये आपोआप उतरवून घेण्याची सोय चालू होती, त्यांच्या फोनमध्ये तो येऊन बसला. बाकीच्यांच्या खात्यात त्याचं चित्र दिसू लागलं, शेजारी छोटासा ढग. अल्बमचं नाव विल्यम ब्लेक या इंग्रज कवीच्या १७८९च्या संग्रहावरून घेतलेलं. निरागसतेची गाणी! दुसऱ्याच्या कपाटात न विचारता शिरणाऱ्या वस्तूला यापेक्षा चांगलं नाव सापडलं नसतं. चोरानं जाताना ‘आपला स्नेहाकांक्षी’ अशी चिठ्ठी ठेवावी, तसं.

कंपनीचा हिशेब सरळ होता. जगातला आघाडीचा बँड, पाच वर्षांनी आलेला नवा अल्बम आणि किंमत शून्य. कोण नाही म्हणेल? ‘फुकट ते पौष्टिक’ ही म्हण मराठी असली तरी भावना जागतिक आहे, असं त्यांनी गृहीत धरलं. आणि इथेच आमच्या सासूबाईंना सल्लागार म्हणून न नेमल्याचा तोटा झाला. फुकट आलेलं पौष्टिक ठरायला ते दारातून यावं लागतं. घंटी वाजली पाहिजे. “कशाला उगाच?” म्हणायची संधी मिळाली पाहिजे. “असू दे हो” ऐकू आलं पाहिजे. मग वस्तू कितीही टाकाऊ असो, माणूस ती घेतो, चहा पाजतो आणि वही काढतो.

लोक चिडले ते का, यावर त्या आठवड्यात जगभर पुष्कळ लिहिलं गेलं. मुलगा वाचून दाखवायचा. खासगीपणा, मक्तेदारी, फोन कोणाचा, माझा की त्यांचा, वगैरे. सगळं बरोबरच होतं. पण मला विचाराल तर मुख्य गोष्ट राहूनच गेली. हा आहेर फिरवता येत नव्हता! नावडता बुशशर्ट भाच्याला देता येतो. मोरांची चादर मास्तरांना देता येते. पण हा अल्बम द्यायचा कुणाला? ज्याला द्यायला जावं त्याच्याकडे तो आधीच होता. शेजाऱ्याकडे होता, साहेबाकडे होता, जावेकडे होता. पन्नास कोटी घरांत एकाच वेळी एकच लेमन सेट. जगाच्या इतिहासात तिसरा रकाना पहिल्यांदाच कोरा राहिला होता.

बरं, माळ्यावर टाकावा तर माळा नव्हता. लोक गाणं पुसायचे आणि ते खात्यात दिसतच राहायचं, वर तो ढग. आणि दिसायचं कुठे, तर ‘खरेदी’ या यादीत. ही खरी मेख आहे. आपण काही घेतलेलं नसताना वाण्याच्या वहीत आपल्या नावापुढे ‘गूळ अर्धा किलो’ लिहिलेलं दिसावं, आणि वाण्यानं हसून सांगावं की अहो पैसे नाही मागत, नुसतं लिहिलंय. पैसे नाही मागत हे खरं. पण मी गूळ घेतला नव्हता, हेही खरंच ना?

तरुण मुलांची प्रतिक्रिया सर्वांत निर्मळ होती. त्यांनी एवढंच विचारलं, “हे यू-टू कोण?” ज्या बँडनं जगभरची मैदानं भरवली, त्याच्याबद्दल ट्विटरवर हजारो पोरं एकमेकांना विचारत होती की माझ्या फोनमध्ये ही माणसं कोण घुसलीत. काहींना वाटलं फोन कोणीतरी हॅक केला. बोनोच्या दृष्टीनं यात अधिक वाईट काय, न आवडणं की न ओळखणं, मी सांगू शकत नाही. आमच्या ओळखीचे एक निवृत्त नाट्यकलावंत आहेत. त्यांना कुणी “तुमचं काम बंडल होतं” म्हटलं तर ते तासभर हौसेनं भांडतात. “आपण कोण?” म्हटलं की दोन दिवस जेवत नाहीत.

खऱ्या चाहत्यांचं दुःख मात्र निराळं होतं, आणि मला ते फार जवळचं वाटलं. चाहता म्हणजे सवाई गंधर्वच्या तिकिटासाठी पहाटे रांगेत उभा राहणारा माणूस. सतरंजी, थर्मास, मफलर अशी त्याची तयारी असते. आदल्या वर्षी कोण काय गायलं हे शेजारच्या अनोळखी माणसाला सांगायचं असतं, आणि जे आले नाहीत त्यांना नंतर “तू चुकवलंस” असं वर्षभर ऐकवायचं असतं. अशा माणसाला कळलं की तेच गायन त्याच वेळी गावातल्या प्रत्येक बसमध्ये, मंडईत आणि दातांच्या दवाखान्यात लावलेलं आहे, तर त्यानं सतरंजी कुणाच्या डोक्यात घालावी? यू-टूचा चाहता पाच वर्षं थांबला होता. अल्बम त्याला मिळाला त्याच क्षणी, ज्याला बोनो हा साबणाचा ब्रँड वाटतो त्यालाही मिळाला. “ऐकलंस का?” असं विचारायला पृथ्वीवर कोणी उरलंच नाही. वर ऑफिसात सगळे त्यालाच धरून, “तुमच्या त्या माणसाला सांगा जरा.” जणू तो घरोघर चाव्या घेऊन फिरला होता.

गाणारे-वाजवणारेही खूश नव्हते. ब्लॅक कीज या बँडचा ड्रमर पॅट्रिक कार्नी म्हणाला की यानं संगीताची किंमतच उतरली. पिंक फ्लॉइडच्या निक मेसनचाही सूर तोच. मोठ्या घरच्या लग्नात पंगत फुकट झाली की खाणावळवाल्याच्या पोटात दुखतं, तशातला हा प्रकार. पण त्यात तथ्य होतं. यू-टूला त्यांचे पैसे कंपनीकडून मिळणार होते. ज्यांना कंपनी बोलावत नाही, त्यांनी कुणाकडे बघावं?

आता माझी गोष्ट, कारण अनाहूत संगीताच्या बाबतीत मी अगदीच नवखी नाही. २००९च्या सुमारास आमच्या चुलत दिरांचं निधन झालं. त्यांच्या घरचा फोन बंद, म्हणून सांत्वनाचे सगळे फोन माझ्या मोबाइलवर येत होते. चार दिवस मी फोन घेत होते आणि प्रत्येक जण सुरुवातीला जरा गोंधळलेला, घसा खाकरणारा असा वाटायचा. दुःखाची रीतच ती, असं मी धरून चालले. पाचव्या दिवशी ठाण्याच्या काकूंच्या सुनेनं हळूच विचारलं, “वहिनी, ते गाणं त्यांच्या फार आवडीचं होतं का?” कुठलं गाणं? तेव्हा उलगडा झाला. माझ्या मोबाइल कंपनीनं (नाव सांगत नाही) माझ्या फोनला कॉलर ट्यून लावली होती, महिना तीस रुपये. गाणं एका सिनेमातलं, बाईनं कंबर हलवण्यासाठी खास रचलेलं. कॉलर ट्यूनची गंमत अशी की तिचे पैसे आपण भरतो आणि ती आपल्याला कधीच ऐकू येत नाही. जग ऐकतं. आपल्या पाठीला कुणी कागद चिकटवावा आणि त्याचं भाडंही आपल्याकडून घ्यावं, तसं. शोकाकुल नातेवाईक तो सबंध ठेका ऐकून मग माझ्याशी हुंदक्यात बोलत होते, आणि एवढ्या जणांपैकी कुणाची विचारायची छाती झाली नव्हती.

कंपनीत फोन केला तर तिथला मुलगा म्हणाला, “मॅडम, तुम्हीच स्टार दाबलात.” मी स्टार दाबला नव्हता. दाबला असलाच तर तो पर्समध्ये किल्ल्यांनी दाबला असेल. तक्रारी इतक्या वाढल्या की शेवटी ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेला नियम करावा लागला: असली सेवा सुरू करण्याआधी गिऱ्हाइकाचा होकार दोनदा घ्यायचा. लग्नात भटजीसुद्धा इतकं विचारत नाहीत. क्युपर्टिनोवाल्यांनी मात्र एकदाही विचारलं नाही.

विचारलं असतं तर सगळं सुरळीत झालं असतं का? तसंही नाही. आदल्याच वर्षी सॅमसंगनं हा प्रयोग उलट्या टोकानं करून पाहिला होता. जे-झी या रॅप गायकाच्या नव्या अल्बमच्या दहा लाख प्रती कंपनीनं प्रत्येकी पाच डॉलरनं विकत घेतल्या आणि जुलै २०१३मध्ये आपल्या गॅलक्सी फोनवाल्यांना एका अ‍ॅपमधून वाटल्या. ते अ‍ॅप परवानगी मागत होतं. एक नव्हे, ढीगभर. तू कुठे आहेस ते कळू दे, कुणाशी बोलतोयस ते कळू दे, तुझी बाकीची खाती कुठली ते कळू दे. गाण्याचे शब्द वाचायचे तर आधी फेसबुक-ट्विटरवर आमची जाहिरात कर. बस्त्याची साडी हवी तर आधी सात-बारा दाखव, यातला प्रकार. एवढं करून ऐन वेळी सर्व्हरनं मान टाकली. तिथले चाहतेही चिडले. म्हणजे एका कंपनीनं विचारून विचारून माणसं दुखावली आणि दुसरीनं न विचारता. देण्याची रीत दोघींनाही आली नाही, आणि त्यांच्याकडे वही लिहिणारं कोणी नव्हतं.

अ‍ॅपलच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे. या कंपनीनं एके काळी संगीताच्या धंद्यात पाऊल टाकणार नाही असं चक्क लिहून दिलं होतं. बीटल्सची स्वतःची कंपनी १९६८ची, नाव अ‍ॅपल कोअर. संगणकवाले आठ वर्षांनी आले, तेही सफरचंदच घेऊन. कज्जा झाला. १९८१ साली ऐंशी हजार डॉलर देऊन तडजोड झाली, अट एवढीच की तुम्ही संगणक विका, गाण्यात शिरू नका. लक्ष्मी रोडवर जन्म गेलेल्या माणसाला हे सगळं पाठ असतं. ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पाटी काही हौसेनं लावलेली नसते. दोन भावांची वाटणी होते, थोरला चिवडा ठेवतो, धाकटा फरसाण घेतो, आणि पहिल्याच दिवाळीला धाकट्याच्या दुकानात मागच्या बाजूनं चिवडा विकला जातो.

इथेही संगणकातून सूर निघू लागले आणि बीटल्सवाले पुन्हा कोर्टात गेले. १९९१ला दुसरी तडजोड झाली, दोन कोटी पासष्ट लाख डॉलरची. तेव्हा कंपनीचे वकील इतके बिचकले होते की संगणकाच्या साध्या ‘टिंग’ आवाजालासुद्धा संगीताचा वास येणारं नाव नको म्हणाले. आवाज तयार करणारा जिम रीक्स वैतागला आणि त्यानं नाव दिलं ‘सोसुमी’. वकिलांना सांगितलं की जपानी शब्द आहे, त्याचा संगीताशी संबंध नाही. ते सावकाश इंग्रजीत म्हणून पाहावं: सो, स्यू, मी. करा, खटला करा! सदाशिव पेठेबाहेर इतका शुद्ध खवचटपणा मी पाहिलेला नाही.

पुढे २००३ला आयट्यून्सचं दुकान निघालं, नव्याण्णव सेंटला एक गाणं. तिसरा खटला लंडनला उभा राहिला तेव्हा न्यायाधीशांनीच आधी सांगून टाकलं की माझ्याकडेही आयपॉड आहे, कुणाची हरकत? २००६ला निकाल संगणकवाल्यांच्या बाजूनं लागला. दुकान गाणी विकतं, गाणी करत नाही, असा एकूण मथितार्थ. आणि मग २०१४ला त्याच दुकानदारानं आपल्या पैशानं आख्खा अल्बम घेऊन गिऱ्हाइकांच्या पिशवीत परस्पर टाकला.

यू-टूशी त्यांचा घरोबा जुना. २००४ साली खास यू-टू आयपॉड निघाला होता, काळा, लाल चाकाचा, आणि त्याच्या चकचकीत स्टीलच्या पाठीवर बँडमधल्या चौघांच्या सह्या कोरलेल्या. हे मुलानं दाखवलं तेव्हा सासूबाईंना पहिल्यांदा त्या लोकांबद्दल आपुलकी वाटली. स्टीलवर नाव घातलंय म्हणजे खानदानी माणसं! आमच्या घरातल्या एकेका डब्यावर ‘कै. आजींच्या स्मरणार्थ’पासून ‘चि. सौ. कां. हिस सप्रेम’पर्यंत सगळा वंशवृक्ष कोरलेला आहे. ज्यावर नाव घालता येत नाही, त्या वस्तूच्या बुडाला सासूबाई नेलपॉलिशचा लाल ठिपका देतात. घरात नवीन काही आलं की आधी ठिपका, मग वापर. शेजारी उसनं गेलं तरी ओळखता येतं.

सहाव्या दिवशी, १५ सप्टेंबरला, अ‍ॅपलनं एक पान उघडलं. त्यावर बटण होतं. दाबलं की अल्बम खात्यातून समूळ जाणार, पुन्हा हवा झाला तर पुन्हा मागून घ्यायचा. एका अल्बमला घालवण्यासाठी स्वतंत्र यंत्रणा उभी करावी लागली, सत्यनारायणाला बोलावलेल्या पाहुण्याला घालवण्यासाठी दुसरी पूजा घालावी तशी. मुलगा हसत होता. मला हेवा वाटला. सहा दिवसांत बटण! आमच्या चौकातल्या स्पीकरच्या भिंतीला कितीही वर्षं शोधलं तरी बटण सापडत नाही, आणि पोलिसांना फोन केला की ते आपलंच नाव विचारतात.

ऑक्टोबरात बोनोनं माफी मागितली. फेसबुकवर प्रश्नोत्तरं चालली होती, त्यात एकीनं सरळ सांगितलं की असं लोकांच्या फोनमध्ये गाणी घुसवणं पुन्हा करू नका, हे फार उद्धट आहे. बोनो ओशाळला. म्हणाला की कल्पनेच्या भरात वाहवत गेलो. त्यात थोडा अहंकार होता, थोडं औदार्य होतं, थोडी जाहिरात होती, आणि एवढं जीव ओतून केलेलं कुणी ऐकणारच नाही ही भीती. चार गोष्टी सांगितल्या, पैकी शेवटची ऐकून मी जरा मऊ झाले. मी स्वतः लिहिते. दिवाळी अंक आला की कुणाच्या घरी गेल्यावर आपला लेख असलेलं पान उघडून तो अंक टीपॉयवर सहज विसरून येणं हा प्रकार मी केलेला आहे. एकदा दोनदा. चारदा.

त्याच महिन्यात इगी पॉप या बुजुर्ग रॉक गायकानं बीबीसीसाठी एक व्याख्यान दिलं. ज्यांना हा फुकटचा अल्बम नकोय त्यांचं म्हणणं इतकंच आहे की आमच्यावर जबरदस्ती करू नका, असं तो म्हणाला. आकडे मात्र कंपनीनं छातीठोकपणे सांगितले: आठ कोटी दहा लाख लोकांनी त्यातलं काही ना काही ऐकलं आणि दोन कोटी साठ लाखांनी आख्खा अल्बम उतरवून घेतला. आकडा प्रचंड आहे यात शंका नाही. पण पन्नास कोटींना ताट वाढलं आणि एक्केचाळीस-बेचाळीस कोटी पाटावर बसलेसुद्धा नाहीत, असंही ते वाचता येतं. यजमान कुणाकडे बघतो त्यावर आहे. ‘रोलिंग स्टोन’ मासिकानं तर त्याला वर्षातला सर्वोत्तम अल्बम ठरवलं. त्यामुळे काही लोक नव्यानं चिडले.

२०२२ला बोनोचं आत्मचरित्र आलं. त्यात त्यानं सगळा दोष स्वतःवर घेतलाय. कुक यांनी म्हणे विचारलं होतं, फुकट वाटायचं? गाण्याला दाम मिळावा हाच ना आपला मुद्दा? त्यावर याचं उत्तर, दाम तुम्ही आम्हाला द्या आणि लोकांना भेट द्या. दाराशी दुधाची बाटली ठेवायला निघालो आणि ती थेट घरोघरच्या फ्रीजमध्ये गेली, अशा अर्थाचं त्यानं लिहिलंय. सासूबाईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, “नासलं असेल.” मग थोडं थांबून, “पण कबूल केलं हो त्यानं. ठाण्याच्या काकूंनी तो पोचा शेवटपर्यंत कबूल केला नाही.”

या सगळ्यात मला सर्वांत आवडलेली गोष्ट यू-टूची नाहीच. अनेकांचा आयफोन गाडीला जोडला की वर्णानुक्रमानं पहिलं असलेलं गाणं आपोआप सुरू होतं. रोज सकाळी तेच गाणं, तोच पहिला सूर, गिअर टाकायच्या आत. २०१७ साली एका पठ्ठ्यानं यावर तोड काढली. ‘ए’ अक्षराची रांग लावून सुरू होणारं शीर्षक असलेलं जवळजवळ दहा मिनिटांचं गाणं त्यानं आयट्यून्सवर विकायला ठेवलं. त्यात काहीही नव्हतं. निव्वळ शांतता. वर्णानुक्रमात ती सगळ्यांच्या पुढे, म्हणजे तेवढ्या वेळात आपल्याला हवं ते लावून घ्यायचं. किंमत नव्याण्णव सेंट. लोकांनी ती भराभर विकत घेतली आणि शांतता लोकप्रिय गाण्यांच्या यादीत झळकली. माझ्याकडे तो फोन नाही, गाडीही नाही. तरी मी नव्याण्णव सेंटचे रुपये किती होतात ते काढून ठेवलंय. अनंत चतुर्दशीला लागतील.

यू-टूला मात्र मी नावं ठेवणार नाही, कारण १५ डिसेंबर २०१९ला ते नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आले तेव्हा माझा मुलगा नोकरीतल्या पैशानं हजारोंचं तिकीट काढून, पुण्याहून बसनं जाऊन, पायाला फोड येईपर्यंत उभा राहून त्यांना ऐकून आला. ए. आर. रहमानही व्यासपीठावर आले होते. परत आल्यावर दोन दिवस तो ज्याला त्याला “तू चुकवलंस” म्हणत होता. मी विचारलं, “अरे, हे तर फुकट मिळत होते ना?” त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी विषय बदलला.

सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन आम्ही २०१८ला केलं. पत्रिकेवर ठळक छापलं होतं, ‘कृपया आहेर आणू नये’. त्यामुळे आहेर आले. त्यांत तीन ‘कारवाँ’ होते. सारेगामानं, म्हणजे पूर्वीच्या एचएमव्हीनं, आदल्या वर्षी काढलेलं ते रेडिओसारखं यंत्र, पाच हजार जुनी गाणी आधीच भरलेलं. यंत्रवाले गाण्यात शिरले होते, आता गाणंवाले यंत्रात शिरले. पाच हजारांतलं एकही गाणं सासूबाईंनी निवडलेलं नाही, आणि गेली कित्येक वर्षं त्या ते मांडीवर घेऊन बसतात. मी मुद्दाम विचारलं, “आई, हीसुद्धा न विचारता भरलेलीच गाणी की.” त्या म्हणाल्या, “अगं, हे पिशवीतून आलं.”

एक ठेवला. दुसरा वन्संच्या नातसुनेच्या डोहाळजेवणाला गेला, तिसरा एका बँकेतल्या साहेबांना निरोप समारंभात. गेल्या दिवाळीत ठाण्याच्या काकूंची सून आली. हातात चकचकीत कागदात बांधलेलं खोकं. “कशाला उगाच,” सासूबाई म्हणाल्या. “असू दे हो,” ती म्हणाली. चहा झाला, चकली झाली. ती फाटकाबाहेर पडल्यावर सासूबाईंनी कागद न फाडता सोडवला, यंत्र बाहेर काढलं आणि उलटं केलं. बुडाला लाल ठिपका होता.

त्यांनी चष्मा लावला, वही काढली, पहिले दोन रकाने भरले आणि पेन तसंच धरून मला विचारलं, “पुढच्या महिन्यात मुंज कुणाकडे आहे गं?”